दिवा कोणत्या रंगाचा लागला?

दिगूची माझी शेवटची भेट झाली ती हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, एकादशीच्या दुपारी. मी तिन्ही जिने धावत चढलो होतो. म्हणजे लिफ्टने गेलो होतो, पण दिगू आता नाही म्हणून मला असं लिहायची सोय झाली आहे. तो असता तर पहिल्याच वाक्यावर त्याचं बोट पडलं असतं. पन्नास वर्षं आमचं हेच चाललं. रेल्वेत तिकिटं तपासताना मी जे पाहिलं त्याच्या दसपट सांगायचो आणि तो शांतपणे ते छाटून जागेवर आणायचा. गंगेकाठी राजा घाटावर बसून मी चार माणसांना सांगत असायचो की पुरात माझ्या होडीखालून मगर गेली, बारा हात लांब. मागून आवाज यायचा, “ओंडका होता. आणि बाळ्या, तू काठावर होतास.” खोटं त्याच्यासमोरून कधी सुटलं नाही. दुसऱ्याचंही नाही, स्वतःचंही नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे...

दिगंबर पाटणकर विद्यापीठाच्या कार्यशाळेत होता. जगाने टाकून दिलेली यंत्रं घरी आणायचा आणि ती चालती करायचा. रामघाटच्या गल्लीतल्या त्याच्या खोलीत इतक्या वायरी होत्या की एकदा खिडकीतून शिरलेलं माकड तीन दिवसांनी बाहेर आलं, आणि आलं तेव्हा त्याला इंग्रजी येत होतं. सुमनवहिनींनी, त्याच्या बायकोने, त्या खोलीत झाडू नेणं सोडून दिलं होतं. “तिथली धूळसुद्धा कशाला तरी जोडलेली असते हो,” म्हणायच्या.

संगणकाला नवीन यंत्र जोडलं की आत काय घडतं, हे त्याने मला घाटाच्या पायरीवर समजावलं होतं. “लहानपणी वडीलधाऱ्यांना नमस्कार करताना गोत्र, प्रवर, शाखा सांगून मग आपलं नाव सांगायला लावायचे, आठवतं? तेच. वायर खोचली तेव्हा यंत्राला पत्तासुद्धा नसतो. संगणक त्याला एक क्रमांक देतो आणि विचारतो, कोण तू, कुणाकडचा? यंत्र दोन आकडे सांगतं. एक बनवणाऱ्याचा, एक स्वतःचा. मग संगणक यादीत शोधतो, याला सांभाळणारा कोण आहे. तो सांभाळणारा म्हणजे ड्रायव्हर.”

“म्हणजे त्या कुळाचा उपाध्याय.”

“म्हण. पण ओळख पटली म्हणून काम संपत नाही. रंग बघायचा की नुसतं काळं-पांढरं, किती बारीक बघायचं, दिवा किती वेळ तापू द्यायचा, हे सगळं ड्रायव्हर त्याला आधी बजावतो. नेमका सापडला नाही तर संगणक सर्वसाधारण कुणीतरी गाठून देतो. तरीही यंत्र चालतं. चालतं, हीच पंचाईत.”

मी तेव्हा भजी खात होतो. ऐकलं, मान डोलावली, आणि शेवटचं भजं कुणी घ्यायचं यावर वाद घातला.

हे सगळं त्याने उभं केलं होतं ते अण्णांच्या पोथीसाठी. अण्णा म्हणजे त्याचे वडील, वेदपाठी. पोथीतले शब्द कुठल्याही छापील पुस्तकात मिळतात. पण अण्णांनी त्यावर स्वतःच्या हाताने तांबड्या शाईच्या खुणा केल्या होत्या... कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, कुठे आवाज उचलायचा. त्यांच्या गुरूंची म्हणायची रीत तेवढ्या तांबड्या रेघांत उरली होती. कागद हात लावला की झडत होता. दिगूने कार्यशाळेच्या भंगारातून एक मोठा स्कॅनर आणला. तो मूळचा दफ्तरी कागदांसाठी, तांबडं दिसलं की डाग समजून गाळून टाकणारा. म्हणून दिगू चार महिने बसून आपल्या जुन्या संगणकावर त्याचा ड्रायव्हर स्वतः लिहीत होता. जोडल्याबरोबर तो ड्रायव्हर यंत्राला सांगायचा की सगळे रंग घे, आणि दिवा पुरता तापेपर्यंत कागद घेऊ नको. तोवर स्कॅनरच्या पुढचा छोटा दिवा नारिंगी जळत राही.

पहिलं पान ठेवायच्या आधीच त्याला हॉस्पिटलात न्यावं लागलं. महिनाभरात त्याच्या जुन्या संगणकाचा पडदाही गेला. दिगू म्हणाला, “बाळ्या, तेवढं तू करशील? झालं की मला दाखव, मग गंगेला दे.” जीर्ण पोथी घरात ठेवू नये, हा अण्णांचा दंडक.

मी सूनबाईचा नवाकोरा लॅपटॉप नेला. वायर खोचली. टिंग झालं, ‘उपकरण तयार आहे’ असं आलं, लगेच हिरवा दिवा. मला वाटलं, नवीन ते नवीनच. आठ दिवसांत एकशे चाळीस पानं केली. नवव्या दिवशी आयती एकादशी आली. मुहूर्त कशाला चुकवायचा? दाखवायचं नंतर दाखवू. बालाजी घाटावरून होडी केली आणि तांबड्या फडक्यात बांधलेली पोथी मधल्या धारेत सोडली. नावाडी म्हणाला, “चाचा, ठीक से डूबी नहीं अभी.” थोडा वेळ ती तरंगत राहिली होती खरी.

तिथून थेट दिगूकडे. सांगितलं, झालं सगळं. त्याने डोळे उघडले आणि एकच विचारलं, “दिवा कोणत्या रंगाचा लागला?”

“हिरवा. लगेच. तुझ्यासारखी वाट बघावी लागली नाही.”

त्याने मान खिडकीकडे वळवली.

“आणि पोथी?”

“दिली. आज एकादशी ना.”

“छान झालं,” दिगू म्हणाला. माझा हात थोपटला. “छान झालं, बाळ्या.”

मी खूश होऊन घरी आलो. आयुष्यात पहिल्यांदा एक अक्षरही न वाढवता सांगितलं होतं आणि त्यातलं काहीही त्याने छाटलं नव्हतं. चौथ्या दिवशी तो गेला.

तेराव्याला पाठशाळेतले गुरुजी आले होते. मी ऐटीत लॅपटॉप उघडून दिला. त्यांनी एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं, चष्मा पुसून तिसरं पाहिलं. मग वहिनी चहा घेऊन येत होत्या म्हणून आवाज खाली केला. “अक्षरं आहेत. अण्णांच्या खुणा कुठे आहेत?” एकशे चाळीस पानं, त्यांवर एकही तांबडी रेघ नाही. डाग म्हणून गाळलेल्या.

तेव्हा मला दिगूचं ते हात थोपटणं कळलं.

मागच्या आठवड्यात वहिनींच्या भावाने जुन्या संगणकाला दुसरा पडदा लावून दिला. वहिनी म्हणाल्या, “भावजी, त्यांचं यंत्र चालतंय का एकदा बघा.” मी वायर खोचली. नारिंगी दिवा लागला. पडद्यावर दिगूने लिहून ठेवलेलं उमटलं, ‘थांब. दिवा तापतोय.’ मी थांबलो. किती वेळ ते फुगवून सांगत नाही, मनात सत्तरपर्यंत मोजलं. मग आलं, ‘आता ठेव.’

वहिनींनी दारातून विचारलं, “चालतंय ना?”

“चालतंय,” मी म्हटलं. त्यांना पुढचं तोंडाने सांगवलं नाही, म्हणून वहिनी, इथे लिहून सांगतो आहे. स्कॅनरची काच रिकामी होती, आणि यंत्र त्याने बजावून ठेवल्याप्रमाणे कागदाची वाट बघत होतं.