ब्लूबेरीचं पाणी

गच्चीवर ब्लूबेरी लावायचं खूळ माझंच. त्या झाडाला आंबट माती लागते, आणि आमच्या तारनाक्याचं बोअरचं पाणी तर प्लास्टिकच्या बादलीलाही पांढरा थर आणतं. तरी मी हट्टाने मोठ्या कुंडीत कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत आणि थोडं गंधक घालून ते लावलं. तेव्हा ती नुसती हौस होती. जीव टांगणीला लागला तो बाबांमुळे.

आई गेल्यावर मी बाबांना नांदेडहून इकडे परराज्यात आणलं. हृदयाचं दुखणं, तिथे घरात एकटे, कोण बघणार? पण इथे ते खुर्चीच्या कडेवर पाहुण्यासारखे बसत. सगळं "तुझं": तुझं घर, तुझा कूलर, तुझं झाड. आणि अधूनमधून "बाई, मला गाडीत बसवून दे" हे ठरलेलं. फक्त त्या झाडापाशी ते जरा रमत. फुलं आली तेव्हा म्हणाले, "फळ कसं लागतं तेवढं बघून जातो." झालं, मी त्या झाडाला तळहातावर झेलू लागले.

एप्रिलात जयंती आली. नांदेडला जयंतीआधी घराला चुना लावायचाच, अंगणातल्या झाडांच्या बुंध्यांनाही. ऑफिसातून आले तर गच्चीवरच्या साऱ्या कुंड्या पांढऱ्याशुभ्र, कठड्याला निळा झेंडा, आणि बाबा कधी नव्हे ते हसत होते.

"उरलेला चुना मुळायला बी घातला. वाळवी लागत नाही."

मी ब्लूबेरीच्या कुंडीत वाकून बघितलं, मातीही पांढरी झाली होती. "छान झालं, बाबा," एवढंच म्हणाले.

पानं पिवळी पडत गेली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. मी त्यांची नजर चुकवून माती बदलली, तरी पानगळ थांबेना. शेवटी त्यांनीच विचारलं, आणि मला खोटं बोलवेना. चुना या झाडाला विष आहे, बोअरच्या पाण्यानेही तेच होतं, एसीतून ठिबकणारं पाणी चालतं पण आपल्याकडे एसी नाही, असं सगळं सांगून टाकलं.

बाबांनी गळलेलं एक पान उचललं. मग म्हणाले, "म्हंजे म्याच मारलं तुझं झाड." रात्री जेवलेही नाहीत.

सकाळी उठले तर खोली रिकामी. चपला नाहीत, फोन उशाशी. गेले, आता एकटेच नांदेडच्या गाडीत बसणार, असंच वाटलं. त्यांची पिशवी जागेवर आहे का, हे बघायचंही सुचलं नाही. तशीच जिना उतरत सुटले.

खालच्या मजल्यावर त्यांचा आवाज आला. हातात बादली, समोर दारात शेजारीण. आल्यापासून जिन्यात कुणाकडे मान वर करून न पाहिलेले माझे बाबा तिला सांगत होते, "अम्मा, एसी का पानी फेकना नक्को. हमारा झाड बीमार है."