पहिले लोखंड, मंग मानूस

शालिकभाऊ गाडीतून उतरताना कधी आधी पाय टाकत नसत. सीटवरून उठण्याआधीच त्यांचा हात दाराच्या उभ्या लोखंडी पट्टीवर जाई आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकेपर्यंत तो तिथून हलत नसे. त्या पट्टीवरचा रंग त्यांच्या हाताने झिजून गेला होता. तळहाताएवढी जागा, खाली उघडे लोखंड. नवा प्रवासी विचारी, हा कसला नमस्कार? भाऊ म्हणत, "नमस्कार नाही बापा, करंट उतरवून राहिलो."

नवेगाव बांध ते कोहमारा अशी त्यांची काळीपिवळी जीप चाले. कॉलेजसाठी तीन वर्षे मी तिच्यातून गेले. गाडीची पायरी उंच होती. कोणी म्हातारे माणूस उतरणार असले की भाऊ आपल्या जागेवरून उतरत, वळसा घालून मागच्या दाराशी येत आणि हात पुढे करत. "टेक माय, घाई नोको करू." बाकीचे ड्रायव्हर बसल्या जागेवरून हॉर्न वाजवत. भाऊंच्या गाडीत म्हाताऱ्या माणसांची गर्दी असे, ती या हातामुळे.

मग एका हिवाळ्यात त्यांच्या मुलीने हौसेने सगळ्या सीटना निळी मखमली कव्हरं शिवून दिली. कापड नायलॉनचे, हवा कोरडी, त्यात बायकांच्या सिंथेटिक साड्या आणि लोकरीच्या शाली. वाटभर घासत बसायचे आणि उतरताना दाराला बोट लागले की चट्! लोक कुरकुरू लागले. एका ट्रकवाल्याच्या सल्ल्याने भाऊंनी करंट जमिनीत उतरावा म्हणून गाडीखाली साखळी लोंबकळत सोडली. ती रस्ताभर खणखणत राहिली, बाकी काही झाले नाही.

अशाच एका सकाळी कोहमाऱ्याच्या चौकात अनुसयाआजी उतरत होत्या. भाऊंनी हात दिला, आजींनी धरला आणि ठिणगी पडली. आजी किंचाळून मागे सीटवर बसल्या. पुढच्या सीटवर गावातले एक वजनदार गृहस्थ होते. ते मान वळवून म्हणाले, "हातात काय घेऊन फिरून राहिला गा, शालिक? शिवला का करंट!"

गाडी हसली. मी हसले नाही. शालिकभाऊंचे घर बौद्ध मोहल्ल्यातले. 'शिवला' हा शब्द त्या घरात कशासोबत आठवतो ते त्या गृहस्थांना पक्के ठाऊक होते. त्यांचे नाव मी इथे लिहिले असते, पण भाऊंनी मला तशी मनाई केली होती.

आठवडाभरात बोलणे पसरले. गाडीत नाही, शालिकच्या हातातच काही आहे, कोणी करणी केली आहे. म्हाताऱ्या बायका दुसऱ्या गाडीची वाट पाहू लागल्या. अनुसयाआजी येत, कारण ती गाडी त्यांच्या दारावरून जाई; पण उतरताना दुसऱ्या कुणाचा तरी हात मागत. भाऊ उतरून मागच्या दाराशी येत, हे त्यांनी थांबवले नाही. फक्त आता हात पाठीमागे बांधून उभे राहत.

आमच्या घरी धान्यापेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. वडील मोर्चाला जात, मी मजकूर तपासत असे. मी रातोरात पत्रक लिहिले: 'करणी हातात नाही, तुमच्या डोक्यात आहे!' सकाळी भाऊंना दाखवले. त्यांनी स्टिअरिंगवर ठेवून सावकाश वाचले.

"मस्त लिहलं पोरी. पन हे वाचून बुढी माह्या हातात हात देईन का?"

"नाही दिला तर नको देऊ दे!"

"तुले नोको असन. मले तर पायजे."

पत्रकाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली. मग म्हणाले, "एक गोष्ट ध्यानात आली का तुह्या? सबन गाडीले उतरताना करंट लागते, मले काऊन नाही लागत?" त्यांचा गुडघा दुखे. त्यामुळे ते पट्टी धरल्याशिवाय उठतच नसत. म्हणजे सीट सोडताना अंगात जे साचायचे ते धरलेल्या लोखंडातून तिथल्या तिथे निघून जायचे. माझ्याकडे विज्ञानाची चार पत्रके होती. ही गोष्ट त्यातल्या एकातही नव्हती.

त्याच दिवशी त्यांनी बाकीच्या दारांच्या पट्ट्याही खरवडल्या, सीटवर सुती चादरी टाकल्या. आणि प्रत्येक थांब्यावर तेच: "सीट सोडाच्या पहिले लोखंड धरा. पाय टेकेपर्यंत सोडू नोका. पहिले लोखंड, मंग मानूस." गृहस्थांनी ऐकले नाही. ते रुबाबात उतरले, दार लोटायला हात लावला आणि झटका बसून 'अरे बापरे' म्हणत मागे सरले. हाताच्या अंतरावर कोणी नव्हते. भाऊंनी शांतपणे विचारले, "आता कोन शिवलं, साहेब?"

त्या दिवशी गाडी हसली तेव्हा मीही हसले.

अनुसयाआजी हे पाहत होत्या. त्यांनी पट्टी घट्ट धरली आणि एक पाय खाली सोडला. तो जमिनीला पुरेना. भाऊ समोर उभे, हात पाठीमागे.

"काऊन गा? हात मांगं ठेवून काय पाहून राहिला? पडू का मी आता?"

भाऊंनी हात दिला. काही झाले नाही. आजी खाली टेकल्या, पण हात सोडेनात.

"माय, त्या दिवशी करंट मलेही लागला होता," भाऊ म्हणाले. "तुले लागला तेवढाच."

"मंग बोलला काऊन नाही?"

"कोनी इचारलंच नाही."

परतीच्या वाटेवर मी भाऊंवर चिडले. माणसाच्या हाताला लोखंडाची साक्ष का लागावी? त्या गृहस्थांना जाब का विचारायचा नाही? मला हे सगळे छापायचे होते. त्यांनी खिशातली घडी काढून मला परत दिली.

"लिहजो ना. नाही कोन म्हनते? पन पहिले बुढीले उतरू दे, मंग लिहजो."

मागच्या वर्षी शालिकभाऊ गेले. मोहल्ल्यातल्या त्यांच्या अंगणात अनुसयाआजी दिवसभर बसून होत्या. त्या घरी त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. संध्याकाळी भाऊंच्या मुलीने पाणी दिले, आजींनी तिच्या हातून घेतले आणि प्यायल्या.

राग माझा गेलेला नाही. आजी उतरल्या आहेत. म्हणून आता लिहिते आहे.