मास्तरांचं एक क्रियापद

औरंगाबादला औरंगपुऱ्यात चष्म्याची काच बदलायला गेलो होतो. दुकानदारानंच सांगितलं, तुमचे ते मिसरवाले मास्तर गेले की हो सकाळी. मिसरवाले, म्हणजे इजिप्तवाले! आमच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं त्या माणसानं, पण शहरानं लक्षात ठेवलं ते हसायला. चष्मा तिथंच टाकून मी बिडकीनची एसटी धरली... आज पाच आठवडे झाले, माझा राग काही उतरलेला नाही.

मास्तर, म्हणजे नारायणराव, बिडकीनच्या शेतकऱ्याच्या घरातले, निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकलेले. पोलीस ॲक्शननं निजामाचं राज्य गेलं, शाळा हळूहळू मराठी झाल्या, तसं त्यांनाही मराठीतून शिकवायला शिकावं लागलं. ‘त्रिकोण’च्या आधी तोंडात ‘मुसल्लस’ यायचं, पोरं हसायची, तेही हसायचे. अशा माणसाला जुन्या पुस्तकांच्या दुकानात प्राचीन इजिप्तच्या भाषेचं एक फाटकं इंग्रजी व्याकरण सापडलं, आणि झालं! त्या लिपीत स्वर लिहीत नाहीत हे वाचून म्हणाले, मग यात अवघड काय, उर्दूत तरी जेर-जबर, स्वरांच्या खुणा, कोण लिहितं? आणि अडकले ते एकाच क्रियापदात. ‘रेदी’, रूपांमध्ये बहुतेकदा नुसतं ‘दि’, म्हणजे देणे. त्याचाच अर्थ ठेवणे, आणि त्याचाच अर्थ करू देणे. आपण ‘येऊ दे’, ‘जाऊ दे’ म्हणतो, तसंच नाईलकाठची माणसं चार हजार वर्षांपूर्वी म्हणत होती, याचा त्यांना एवढा आनंद की शाळेच्या शिपायालाही बोलावून सांगितलं. या क्रियापदाची सगळी रूपं, सगळे अर्थ मराठीत मांडायचे, असा त्यांनी विडाच उचलला. याचा उपयोग काय, असं मी एकदा स्टाफरूममध्ये विचारून बसलो. “उपयोगाचं तुमी करा की,” मास्तर म्हणाले, “मला हे करू द्या.”

अकरा वर्षांनी, निवृत्तीनंतर, पुस्तकाची धड प्रत हाती आली आणि गफलत कळली. उर्दूत आवाज दुहेरी असला तरी अक्षर एकदाच लिहितात. त्या सवयीनं, एकच चिन्ह लागोपाठ दोनदा दिसलं की जुन्या लेखनिकाची चूक समजून मास्तर त्यातलं एक खोडत आले होते. ती चूक नव्हतीच, ती क्रियापदाची वेगळी रूपं होती. फाटक्या प्रतीत नेमकी तीच पानं नव्हती. अकरा वर्षांचे तक्ते पाण्यात! गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण हे गृहस्थ स्टाफरूममध्ये आले आणि सगळ्यांसमोर चूक सांगितली. दोघं-तिघं फिदीफिदी हसले.

“हसा,” मास्तर म्हणाले. “म्या पहिल्या पानापासून लिव्हतो.”

साठी उलटलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू... आणि खरंच लिहायला बसले.

शाळेनं शोकसभा ठेवली. संस्थेच्या सचिवांनी मला आधीच गाठून बजावलं की शिस्तीवर बोला, निकालांवर बोला, ते मिसरचं लफडं नको, उगाच शोभा होते. मी भिडेला बळी पडलो. शिस्तीवर बोललो आणि खाली बसलो. याची मला आजही लाज वाटते.

तेव्हा वहिनी, मास्तरांच्या पत्नी, उठल्या. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. मास्तर रोज मोठ्यानं म्हणत ते त्यांनी स्वयंपाक करता करता ऐकलेलं.

“समदं सांगितलं तुमी. त्यांचं काम कुणीच नाय सांगितलं,” असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. दिक, दिच, दिफ, दिस... तू देतोस, तू देतेस, तो देतो, ती देते. मग ती एकदा खोडून पुन्हा लिहिलेली दुहेरी रूपं, देदेक, देदेच, देदेफ. एवढं म्हणून त्या थांबल्या. सभेत कुणी हसलं नाही. विसरल्या वाटतं, असं सचिव हळूच म्हणाले.

“इसरले नाय. दुसऱ्या खेपंला त्यांचं इथवरच झालं. पुढचं कुणी करणार असंल तर वह्या घरी हायेत. हसायचं असंल तर मात्र येऊ नका.”

आता दर रविवारी मी बिडकीनला जातो, मास्तरांच्या खोलीत त्यांच्या वह्या उघडून बसतो. परवा मोठ्यानं वाचताना ‘देदेफ’चं ‘दिफ’ झालं. आतून वहिनींनी लगेच टोकलं. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं.