हळद पुसा, शीर दिसत नाही

दागिन्यांच्या दुकानात चोवीस वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. सोन्याची धूळ मालक झाडून गोळा करतात, किस्से आमच्या वाट्याला येतात. मी ते रोज जेवताना घरी सांगायचो, आणि सगळ्यात जास्त हसायची ती गोदा, माझी मुलगी. रंगाने माझ्यावर गेलेली, म्हणजे चांगली काळीसावळी. पुढच्या महिन्यात तिचा साखरपुडा आहे, दागिने घ्यायचे आहेत, आणि ती परत आमच्या दुकानात पाऊल टाकायला तयार नाही. का, ते सांगतो. लाज वाटते, पण तुम्ही आपली माणसं.

आम्ही कुंभकोणमचे. पूर्वज तंजावरच्या राजांच्या काळात इकडे आले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. दुकानात मला सगळे 'राव सार' म्हणतात. तीन वर्षांपूर्वी मालकांनी मला चेन्नईला दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. कुठल्या त्वचेला कुठला धातू शोभतो, याचं ट्रेनिंग! मनगटाची शीर हिरवी दिसली तर पिवळं सोनं, निळी दिसली तर पांढरं सोनं नाहीतर चांदी, काहीच कळलं नाही तर रोज गोल्ड, म्हणजे गुलाबी सोनं. परत आलो तर मालकांनी मला वेगळं टेबल दिलं, आरसा दिला, वर बोर्ड लावला, 'स्किन टोन सल्ला मोफत'. झालं, मी डॉक्टर झालो!

*

पहिलं गिऱ्हाईक तिरुनीलक्कुडीची एक शेतकरीण. भाताचं पीक चांगलं आलं म्हणून हार घ्यायला आलेली. मी ऐटीत टॉर्च काढला, हात उशीवर ठेवा म्हटलं. हातावर कोपरापर्यंत हळद! शीर कुठली दिसायला? मी ओला टिश्यू पुढे केला आणि म्हटलं, अम्मा, हळद पुसा.

बाई ताडकन उभी राहिली. "माझा नवरा बाहेर गाडीपाशी उभा आहे. तो जिवंत असताना मला हळद पुसायला सांगतोस?"

माझी खात्री पटावी म्हणून तिने नवऱ्याला आत बोलावून माझ्यासमोर उभं केलं. शेवटी मालकांनीच फुलं आणि पान-सुपारी देऊन तिची समजूत काढली. माझी मान जी खाली गेली ती ती दोघं जाईपर्यंत वर आली नाही. पण घरी मात्र मी हा किस्सा रंगवून सांगितला, नवऱ्याची नक्कलही केली. गोदा पोट धरून हसली.

*

मग दिव्यांचा घोळ. सोनं उठून दिसावं म्हणून आमच्याकडे सगळे दिवे पिवळे. त्यांच्या उजेडात महिनाभर मला प्रत्येकीची शीर हिरवीच दिसली आणि मी गावभर पिवळं सोनं वाटलं. पुढे वायरमनने माझ्या टेबलावर पांढरी ट्यूब बसवली आणि सगळ्यांच्या शिरा निळ्या झाल्या.

तिरुविडैमरुदूरच्या एका शाळेतल्या बाई दोनदा आल्या होत्या. दुसऱ्यांदा माझा सल्ला ऐकून त्यांनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "राव सार, महिन्याभरात माझं रक्त बदललं की तुमचा दिवा?"

*

एकदा नवग्रहांच्या देवळांच्या टूरवर आलेलं पुण्याचं जोडपं आलं. मी इंग्रजीत सल्ला देत होतो. नवरा बायकोला मराठीत म्हणाला, याचं काय ऐकतेस, स्वतः तव्यासारखा काळा आणि बोटात पिवळीधमक अंगठी!

मी मराठीतच म्हटलं, "अंगठी सासऱ्यांनी दिली, साहेब. मला बघूनच दिली होती."

साहेबांनी घाईघाईने दोन जोड पैंजण घेतले. मी जिंकल्यासारखा दिवसभर हसत होतो. खरं तर त्या दिवशी आरशात बघायला हवं होतं. पण टेबलावरचा आरसा गिऱ्हाइकाकडे तोंड करून असायचा.

*

आता जे सांगतो त्यात हसण्यासारखं काही नाही. गोरी मुलगी आली की मी शीर बघायचो. सावळी आली की बघायची गरजच वाटायची नाही. एक वाक्य पाठ होतं. "पिवळं सोनं तुमच्या रंगात बुडतं. पांढरं घ्या, चेहरा उजळेल." पांढऱ्याची घडणावळ जास्त, मालक खूश. शेजारच्या काउंटरवर वसंता नावाची नवी मुलगी आली, तिलाही मीच ते शिकवलं.

तिरुवलंचुळीचा एक बाप मुलीच्या लग्नाचं सोनं घ्यायला आला होता. त्याने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आमच्या गावचा विनायक पांढरा, इथला पेरुमाळ विष्णू काळा. सोनं घडवताना सोनाराने त्यांची शीर कधी बघितली होती?" आणि पोरीला घेऊन निघून गेला.

हाही किस्सा मी घरी सांगितला, त्या मुलीचं उतरलेलं तोंड करून दाखवलं. गोदा पाणी आणायला उठली आणि बराच वेळ आली नाही. मला काही कळलं नाही. बायको म्हणाली, पुरे करा आता.

*

गेल्या आठवड्यात मुहूर्ताची गर्दी होती. गोदा होणाऱ्या सासूबाईंना घेऊन आली. माझ्यासमोर गिऱ्हाईक, मागे मालक उभे. म्हणून ती वसंताच्या काउंटरला बसली. ही माझी मुलगी, हे वसंताला ठाऊक नव्हतं. गोदाने पिवळ्या सोन्याचा हार गळ्याशी धरला आणि वसंताने माझं वाक्य म्हटलं. शब्द न् शब्द तोच, हात हलवायची तऱ्हाही माझी.

सासूबाई गोदाकडे बघायला लागल्या. गोदा माझ्याकडे बघायला लागली. वसंताने तिथूनच विचारलं, "बरोबर ना, राव सार?"

मी मान हलवली. होय म्हणून.

गोदाने हार खाली ठेवला. दहावी पास झाली तेव्हा मी स्वतः निवडून आणलेली सोन्याची फुलं तिच्या कानात होती, तेव्हापासून तिने कधी काढली नव्हती. ती तिने एकेक करून काढली, माझ्या टेबलापर्यंत आली आणि दागिने बांधायच्या गुलाबी कागदावर ठेवली.

"अप्पा, हीपण पांढऱ्यात बदलून द्या."