सोम्याची कौलं

पोशेऱ्याच्या पाड्यावरच्या सोम्याच्या घरावरची कौलं ना वादळानं नेली, ना चोरानं. सोम्यानंच ती उतरवली, टोपलीत भरून गुत्त्यावर नेली आणि मोहाची दारू प्यायला. शेवटची ओळ उतरत होती तेव्हा खाली चुलीपाशी बसलेली त्याची बायको गोदी वर बघून म्हणाली, "आता आभाळ राहिलंय, ते पण विकून ये." आणि लेकीचा, चैतीचा, हात धरून ती माहेरी साखरशेतला निघून गेली.

पुढची कितीतरी वर्षं सोम्या जव्हारच्या बाजारात पडून असायचा. दुकानाच्या पायरीवर झोपायचं, हमाली मिळाली की प्यायचं. अठ्ठ्याण्णवच्या थंडीत तो गटाराच्या कडेला निपचित सापडला, तेव्हा मोखाड्याच्या रस्त्यावरच्या भजनाश्रमातल्या माईंनी त्याला हातगाडीवर घालून नेलं. आश्रमाचा शिरस्ता साधा होता. पहाटे काकडा, दिवसा काम, गळ्यात तुळशीची माळ. दारू तोंडाला लावली तर माळ उतरवायची. आणि माणूस सावरला की त्यानं आपलं घर उभं करून जागा पुढच्याला सोडायची.

पहिले काही दिवस त्याचे हात इतके कापत की टाळ आपसूक वाजत. "ह्याला ताल शिकवायला नको," म्हणत माई हसायच्या. हळूहळू हात थांबले. माणसात आला तो.

एके दिवशी गोदीचा भाऊ भिका आश्रमाच्या दारात उभा राहिला. "चैतीचं जमलंय. बाप जिता असताना मामानं धार सोडायची का? चल."

बोलणी पक्की होताना मुलीच्या बापानं दारूचा भरला पेला हाती घ्यायचा, पहिली धार धरतरीला सोडायची आणि पेला व्याह्याला द्यायचा, अशी तिथली रीत. बापानं प्यायलाच हवं असं नाही, पण धार त्याच्याच हातची.

"माई, जाऊ?"

"जा की. पेल्यातली ती धार धरतरीची आहे, तुझी नाही, एवढं ध्यानात ठेव."

साखरशेतच्या अंगणात सगळे बसले होते. गोदीनं किती वर्षांनी त्याच्यासाठी पाट मांडला होता. भिकानं पेला हातात दिला. वास नाकात शिरला आणि सोम्याचा हात पुन्हा कापू लागला.

"व्याही, सकाळचीच अजून उतरली नाय वाटतं!" नवऱ्यामुलाचा बाप म्हणाला. अंगण हसलं.

सोम्याला त्या हसण्याचं काही वाटलं नाही. पेला आपल्या तोंडाकडे निघालाय, असं त्याला वाटलं. मनगट खाली वळवलं असतं तरी झालं असतं. तेवढंही त्याच्यानं झालं नाही. त्यानं पेला जमिनीवर ठेवला आणि उठून चालू लागला. मागून गोदीचा आवाज आला, "नको तेव्हा अख्खं घर पिऊन टाकलंस. आज लेकीसाठी एक थेंब सांडायचा, तर पळालास!"

धार भिकानं सोडली.

लग्नात सोम्या मांडवाबाहेर, भाताच्या हंड्यापाशी उभा होता. हळदीच्या अंगानं चैती त्याच्याकडे आली.

"बा, पेला तोंडाकडे गेला असता ना, तर मीच हिसकावला असता. तुझ्यामागंच उभी होते मी. पण तू थांबायचंस रे."

 मागं कोण उभं आहे, हे त्या दिवशी वळून बघायचं सोम्याला सुचलंच नव्हतं.

त्यानं पुढं पाड्यावरचं घर उभं केलं. कौलं एकेक करून जमवली, स्वतः चढून बसवली. आश्रमातली जागा पुढच्याला सोडली. माळ अजून गळ्यात आहे, दारूचा थेंब नाही. हे देवानं दिलं, असं तो म्हणतो, आणि खरंच आहे ते.

गोदी एकदा येऊन गेली. चुलीपाशी बसली, खूप वेळ वर बघत राहिली.

"कौलं नीट बसलीत," ती म्हणाली.

"राहा मग."

"त्या दिवशी अंगणात तू राहायचंस," असं म्हणून तिनं पदर सावरला, आणि उन्हं उतरायच्या आत साखरशेतची वाट धरली.