विरी गेलेलं पीठ

आज सकाळी परातीत थापलेली भाकरी तव्यावर टाकायला उचलली आणि तिचे तीन तुकडे झाले. दुसरीही तशीच फाटली. माझी चिडचिड ऐकून आतल्या खोलीतून बायको क्षीण आवाजात म्हणाली, "अहो, पिठाची विरी गेलीय. उकळतं पाणी घालून मळा."

ही ज्वारी तिनेच दळून आणली होती, पहिल्या ऑपरेशनच्या आधी. नंतर दवाखान्याच्या खेपांत डबा तसाच राहिला. पिठाला कीड लागली नव्हती, वास येत नव्हता, रंगही तोच होता. फक्त कणाला कण धरून ठेवणारं काहीतरी आतून निघून गेलं होतं. रोज त्याच डब्याशेजारी चहा करणाऱ्या मला ते कधी गेलं, कळलंच नाही. तिच्या बाबतीत तरी कुठे कळलं? डॉक्टर काल म्हणाले, आता औषधं थांबवू.

मी उकळतं पाणी ओतलं. बोटं पोळली, तरी हात काढला नाही. वेड्यासारखा मळत राहिलो. या वेळी भाकरी अखंड उचलली गेली, तव्यावर टम्म फुगली. चार दिवस तिच्या पोटात काही नव्हतं. मी ताट घेऊन अक्षरशः धावलो.

तिने भाकरीचा पापुद्रा बोटाने चाचपला. "जमली की!" म्हणाली, आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "गरम आहे तोवर खाऊन घ्या. आणि उद्या गिरणीत जाल तेव्हा थोडंच दळून आणा. एकट्यापुरतं."