मादी बदलून पाहा

नव्वदच्या दशकात मी शेळगावच्या सासरहून रोज एसटीनं बारामतीला जायचे, तिथल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला. आमचे सर उंदरांवर संशोधन करायचे. एका नराजवळ ठेवलेल्या मादीला आठ-दहाच्या जागी तीन-चारच पिल्लं व्हायची. "मादी बदलून पाहा," सर म्हणाले. मी तीनदा बदलली, तरी तेच. मग कुठं सरांना नराच्या पेशी तपासायचं सुचलं. त्याच्या दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची आपसात अदलाबदल झालेली निघाली. स्वतः नर धडधाकट, पण त्याच्या कितीतरी शुक्रपेशींत गुणसूत्राचा एखादा तुकडा कमी, एखादा जास्त. चीड येते ती पुढचं कळल्यावर. मादीचं बीज अशा पेशीला अडवत नाही. फलन व्यवस्थित होतं. गर्भ मरतो नंतर, तिच्या पोटात. म्हणून नाव तिचं खराब.

तोवर माझेही तीन गर्भ पडले होते. सासूबाईंनी गावात एक घर सोडलं नव्हतं. "हिच्या पोटात काय ठरतच न्हाय," भाजीवालीलासुद्धा सांगायच्या. नवरा खाली मान घालून जेवायचा. त्याच्यासाठी लोणी भापकर गावची मुलगीही बघून झाली होती.

मी त्याला ठणकावलं, "आधी दोघांचं रक्त पुण्याला तपासू, मग खुशाल बोहल्यावर चढा." तो कुरकुरत आला. माझ्या रिपोर्टात काही निघालं नाही. त्याच्यात थेट त्या नरासारखी अदलाबदल.

सासूबाईंना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांना ते एका दमात समजलं, याचाच मला जास्त संताप आला. त्यांनी दार लोटलं, आवाज खाली आणला. "ह्ये भाइर बोलू नगंस. लोणीच्यांना कळता कामा न्हाय."

म्हणजे लग्न अजून करायचंच होतं!

दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारून मी लोणी गाठलं. मुलीच्या वडिलांपुढं रिपोर्ट ठेवला.

"सवत नको म्हणून डाव हाय ह्यो तुमचा," ते म्हणाले. "आमास्नी कळतंय."

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. असेल अठरा-एकोणीस वर्षांची. तिनं मलाच विचारलं, "व्हय ताई, एवढं समदं कळतंय, तर तुमी कशापायी ऱ्हाताय तितं?"

मी रिपोर्ट उचलून निघाले. संध्याकाळी बारामतीला उतरले. शेळगावची गाडी लागलेली होती. मी चढले नाही.